सातासमुद्रांपलीकडचा नट आणि गल्लीतला पाना

जुनी वस्तू मोडली म्हणून लगेच टाकून देऊ नये, आधी ती दुरुस्त होते का पाहावे, हा संस्कार आपल्या घरांतून फार जुना आहे. पितळी भांड्याला कल्हई, छत्रीला नवी काडी, चपलेला नवा अंगठा आणि सायकलीला नवे छर्रे, असे करीत करीत एकेक वस्तू दोन पिढ्या चालत असे. आता या संस्काराला एक नवे साधन लाभले आहे. हुबळीच्या पेठेत न मिळणारा सुटा भाग इंग्लंड, जपान वा तैवान येथील दुकानातून मोबाईलवर बोट टेकवून मागविता येतो आणि तो टपालाने दारात येऊन पडतो. आमच्या परिचयाच्या काही घरांतून असे प्रयत्न झाले. काही साधले, काही फसले. जे फसले ते पैशाअभावी फसले असे नव्हे. आपल्याकडे नेमके काय आहे हेच मागविणाऱ्यास ठाऊक नव्हते, म्हणून फसले. या महिन्यात त्याच गोष्टीचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

परदेशी सायकल आणि मराठी माणूस यांचा संबंध आमच्या या भागात तरी नवा नाही. येथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी आपल्या व्यवसायास आरंभ केला तो सायकलींपासून. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. मुंबईत सायकली घेऊन ते बेळगावास पाठवीत. वडीलबंधू रामुअण्णा त्या तेथे विकीत आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवीत. किर्लोस्कर उद्योग आपला आरंभ १८८८ पासून मोजतो तो या सायकलींच्या दुकानापासून. पुढे याच बंधूंनी कडबा कापण्याची यंत्रे केली, लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. सायकल विकणाऱ्यास ती दुरुस्त करावी लागते, दुरुस्त करणाऱ्यास ती उघडून पाहावी लागते, आणि उघडून पाहणाऱ्याचे हात फार काळ केवळ विक्रीवर समाधान मानीत नाहीत. परदेशी मालाशी आपला व्यवहार कसा असावा याचा एवढा चांगला धडा आमच्या शेजारी घडलेला असताना तो विसरणे बरे नव्हे.

हुबळीची सायकलही त्याच वाटेने आली. १८८५ च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना येथे उभा राहिला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे गाव मुंबई राज्यात होते. मुंबई बंदरात उतरलेला माल रेल्वेने येथे येण्यास फारसा अडथळा नव्हता. जुन्या हुबळीतील वयस्कर मंडळींच्या तोंडी रॅले, बी. एस. ए., हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे घरच्या माणसांसारखी असत. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले आणि देशी कारखाने वाढले. मद्रासजवळ टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतला अॅटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६) आणि आसनसोलला नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या सहकार्याने सेन-रॅले. यांपैकी सेन-रॅले आणि मुंबईची हिंद सायकल्स यांचे १९८० साली कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाने आले आणि गेले, परंतु एक गोष्ट टिकली. आपली साधी काळी सायकल ही मुळात ब्रिटिश साच्यावर बेतलेली आहे. म्हणून जुन्या विलायती सायकलीचे पुष्कळसे भाग विलायतेत दुर्मीळ झाले तरी लुधियानात आजही निघतात. ही गोष्ट ज्यास ठाऊक नाही तो शंभर रुपयांच्या वस्तूसाठी हजार रुपये टपालहशील भरतो.

याचे एक उदाहरण आमच्या शेजारीच घडले. त्या घरातील वडील रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांची तीन गतींची रॅले त्यांच्यामागे कित्येक वर्षे माळ्यावर पडून होती. थोरला मुलगा पुण्यास असतो. कर्वेनगरातील विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय त्याने पाहिले; महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बी. एस. ए. कंपनीची घडीची सायकल तेथे आहे. ती पाहून त्यास आपल्या वडिलांची सायकल आठवली, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणावी असे त्याने मनावर घेतले. सुट्टीत आला तेव्हा मागविण्याच्या वस्तूंची यादी तयारच होती. टायर-ट्यूब, कॉटर पिना, मधल्या धुरीच्या वाट्या व छर्रे, गिअरची लहान साखळी आणि कातडी सीट. इंग्लंडमधील एका दुकानात हे सारे एकत्र मिळत होते. टपालखर्चाचा आकडा पाहून मात्र तो थबकला, आणि यादी घेऊन आमच्याकडे आला. आमचा विषय मराठी. यंत्राविषयी आमचे ज्ञान शाळेच्या सायकल-स्टँडपुरते. आम्ही त्यास गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो.

मिस्त्रींनी यादी वाचली नाही. सायकल उलटी करून ठेवली. टायर पाहून ते म्हणाले की ही ‘अठ्ठावीस-दीड’ आहे, लुधियानाचा टायर बसेल. छर्रे पाव इंची, ते त्यांच्या डब्यातच होते. कॉटर पिन साडेनऊ मिलिमीटरची लागते. बाजारात नऊचीही मिळते आणि ती बसते असे वाटते, परंतु चार दिवसांत पायडल डुलू लागते. त्यांनी साडेनऊची घेऊन कानशीने घासून बसविली. मधल्या धुरीची वाटी हातात घेतली तेव्हा मात्र ते थांबले. नवी वाटी लावून पाहिली, ती दोन फेऱ्यांत अडली. “इदु बेरे ऐति, सर,” ते म्हणाले. म्हणजे ही निराळी आहे. आटा निराळा आहे हे त्यांच्या बोटांना कळले होते. कारण पुढे आम्हांस वाचनातून कळले. इतर ब्रिटिश सायकलींत या वाटीस इंचाला २४ आटे असत. रॅलेने आपल्या पुष्कळ सायकलींत २६ ठेविले होते. जोर लावून नवी वाटी बसविली असती तर सांगाड्याचेच आटे गेले असते, आणि त्यास इंग्लंडातही औषध नाही. मिस्त्रींनी जुन्याच वाट्या रॉकेलने धुऊन, नवे छर्रे व वंगण भरून परत बसविल्या. यादीतील एक वस्तू अशा रीतीने विकत न घेताच मिळाली.

राहिल्या दोन वस्तू. मागच्या चाकाच्या हबवर स्टर्मी-आर्चर हे नाव, ‘ए. डब्ल्यू.’ ही अक्षरे आणि ५१ हा आकडा कोरलेला होता. म्हणजे हब १९५१ सालचे. त्या हबमधून बाहेर येणारी, बोटाएवढ्या लांबीची एक बारीक साखळी असते. ती ओढली की गती बदलते. ती तुटली होती आणि ती येथे मिळणारी नव्हती. ती परदेशातून मागविली. वजन काही ग्रॅमचे. जाड लिफाफ्यातून आली आणि आजतागायत चालते. यात एक गंमत अशी की स्टर्मी-आर्चर ही १९०२ साली नॉटिंगहॅम येथे स्थापन झालेली कंपनी. तिचा तेथील कारखाना २००० साली बंद झाला व ती तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली. म्हणजे विलायती म्हणून मागविलेली साखळी तैवानातून निघाली होती. दुसरी वस्तू ब्रुक्सची कातडी सीट. १८६६ पासून चालत आलेल्या या कंपनीची सीट आजही मिळते. परंतु किंमत, टपाल आणि जकात यांची बेरीज केली तेव्हा तेवढ्या पैशांत एक साधी नवी देशी सायकल येत होती. जुन्याच सीटला तेल पाजून आणि तिचा नट किंचित कसून काम भागले. पाच वस्तूंच्या यादीतून समुद्रापलीकडून एकच आली.

दुसऱ्या एका घरी याच्या उलट घडले. तेथील मुलाने आपल्या गिअरच्या सायकलीसाठी ‘सव्वीस इंची’ टायर बाहेरून मागविला. टायर चांगला होता, परंतु रिमवर चढेना. वाचकांपैकी ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. सायकलीच्या चाकाचे इंच हे नुसते नाव आहे, माप नव्हे. जुन्या पद्धतीच्या ‘सव्वीस-एक-तीन अष्टमांश’ टायरची आतील कडा ५९० मिलिमीटर व्यासाची असते, आणि डोंगरी बनावटीच्या सायकलीच्या सव्वीस इंची टायरची ५५९. नाव एक, अंतर ३१ मिलिमीटरचे. अठ्ठावीसचेही तसेच. आपली काळी सायकल अठ्ठावीस-दीड, तिचा व्यास ६३५. आणि शर्यतीच्या सायकलीचा ‘सातशे सी’ टायर, ज्यास काही देशांत अठ्ठावीसच म्हणतात, तो ६२२. टायरच्या कडेला ४०-६३५ किंवा ३७-५९० असे दोन आकडे उमटविलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. मागविताना दुसरा आकडा जुळला पाहिजे; बाकी सारी वर्णने दुय्यम होत. त्याचप्रमाणे डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून पायडल एकच मागविताना डावे की उजवे हे लिहावे लागते. ही माहिती मिस्त्रींच्या बोटांत असते. आपण कागदावर उतरवून घ्यावी.

आता टपालखर्चाविषयी. परदेशातून येणारे लहान पाकीट एवढे स्वस्त कसे, हा प्रश्न अनेकांस पडतो. याचे मूळ १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या करारात आहे. त्यातून जागतिक टपाल संघ जन्मास आला. भारत १८७६ पासून त्यात आहे. मूळ तत्त्व असे की प्रत्येक देशाने आपल्या तिकिटांचे पैसे आपणच ठेवावे. कारण गेलेल्या पत्रास उत्तर येतेच, आणि हिशेब आपोआप फिटतो. पुढे काही देशांकडे येणारे टपाल जाणाऱ्याहून फार वाढले, तेव्हा पत्र वाटप करणाऱ्या देशास मोबदला देण्याची रीत १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरली. हा मोबदला विकसनशील देशांस कमी असे. पत्रांसाठी केलेली ही सोय पुढे दोन किलोपर्यंतच्या लहान पाकिटांस लागू झाली, आणि चीनमधून निघालेली स्वस्त पाकिटे जगभर पसरली. अमेरिकेने याविरुद्ध २०१८ साली संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली; सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथे तडजोड होऊन काही देशांस आपले दर आपण ठरविण्याची मुभा मिळाली. तात्पर्य, स्वस्त टपाल ही दुकानदाराची उदारता नसून सरकारांमधील करार आहे, आणि करार बदलू शकतात.

खाजगी कुरियरचा हिशेब याहून निराळा. तेथे वजनाबरोबर आकारही मोजला जातो. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकार करावा आणि ५००० ने भागावे. येणारा आकडा किलोंत, आणि तो प्रत्यक्ष वजनाहून मोठा असेल तर आकारणी त्याचीच. आमच्या सातवीच्या मुलांस हे गणित घालण्याजोगे आहे. रिम ठेवण्याचे खोके ७० बाय ७० बाय ५ सेंटिमीटरचे धरले तर गुणाकार २४,५०० आणि भागाकार ४.९, एक किलोच्या आतबाहेरची रिम कुरियरच्या दृष्टीने पाच किलोंची होते. म्हणून रिम, मडगार्ड, चेनकव्हर यांसारखे मोठे भाग बाहेरून मागविणे सहसा परवडत नाही; साखळ्या, स्प्रिंगा, वाट्या, खुंट्या अशा मुठीत मावणाऱ्या वस्तू परवडतात. दोन-तीन ओळखीच्या घरांनी मिळून एकत्र मागणी नोंदविली तर खर्च वाटला जातो.

जकातीचा आकडा वस्तूच्या किमतीवरच नव्हे, तर किंमत, वाहतूक व विमा यांच्या बेरजेवर लावतात. त्यात मूळ सीमाशुल्क, त्यावरील समाजकल्याण अधिभार आणि एकत्रित वस्तू व सेवा कर असे थर असतात. परदेशातील आप्ताने पाकिटावर ‘भेट’ असे लिहून पाठविण्याची युक्ती पूर्वी चाले. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून भेट म्हणून टपाल-कुरियरने माल सोडविता येत नाही. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी स्वतः सुरू करावे लागतात, आणि विनिमयावर बँक आपला अधिभार घेते तो निराळा. लिथियम बॅटरीचे दिवे हवाई टपालात अडतात. मुलगा वा पुतण्या परदेशातून येणार असेल तर लहान वस्तू त्याच्या सामानातून नियमांच्या मर्यादेत आणणे, हा आपल्या समाजाचा जुना मार्ग अजूनही सर्वांत स्वस्त आहे. याच्या जोडीला हेही ध्यानात असावे की देशात घेतलेल्या सायकलीवरील व तिच्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

बाहेरून मागविल्यावाचून ज्यांचे चालत नाही असा वर्ग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. विजापूर व बागलकोट हे आमच्या शेजारचे जिल्हे शर्यतीच्या सायकलपटूंसाठी कर्नाटकात प्रसिद्ध आहेत. त्यांतील पुष्कळ मुलेमुली साध्या शेतकरी घरांतील असतात. त्यांच्या सायकलींचे गिअर, चाके, टायर हे बहुतांशी परदेशी बनावटीचे. अशा मुलासाठी एक भाग शर्यतीपूर्वी पोचतो की जकातीत अडकून पडतो, यावर वर्षाची मेहनत अवलंबून असते. आणि ज्या दुकानांवर भरवसा ठेवावा तीही स्थिर नाहीत. ब्रिटनमधील विगल आणि चेन रिअॅक्शन ही भारतीय सायकलपटूंच्या ओळखीची दुकाने २०१६ साली एक झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. चीनचे अलीएक्सप्रेस भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बंद केले. पैसे भरण्यापूर्वी ते दुकान आज चालू आहे काय आणि माल परत घेण्याची अट काय, हे पाहणे हा संशय नव्हे, व्यवहार होय.

उलट दिशेचा प्रवाहही विसरू नये. दांड्यांच्या ब्रेकची जुनी सायकल आज इंग्लंड-अमेरिकेत हौसेने जपली जाते, आणि तिचे टायर व ब्रेकचे भाग तेथील शौकीन शोधतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या हाती पडतो तो भारतीय माल. त्या वाटेवरही काटे आहेत. अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली; त्यामुळे भारतीय टपाल खात्यास तिकडील बहुतेक पार्सले घेणे त्या ऑगस्टमध्ये थांबवावे लागले, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले. जुन्या सायकलीच्या नटाला आंतरराष्ट्रीय राजकारण कळत नाही, पण त्याचा भाव त्यावर ठरतो.

आमच्या राज्यात २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींस सरकारी सायकली मिळत. सायकलींचे भाग शाळेच्या पटांगणात येऊन पडत आणि मिस्त्री ते जोडीत. काही मुले वर्गातून पळून येऊन त्यांच्याभोवती उकिडवी बसत, आणि आम्ही त्यांस रागावण्याचे टाळीत असू; कारण तेथे ती जे शिकत होती ते आमच्या वेळापत्रकात नव्हते. २०२० नंतर ते वाटप थांबले. मिस्त्रींकडील कामही आता निम्म्यावर आले आहे; त्यांचा मुलगा मोटारसायकलींच्या गॅरेजात जातो. वाटीचे आटे बोटांनी ओळखणारा माणूस कोणत्याही देशातून, कोणत्याही दराने मागविता येणार नाही. तो आहे तोपर्यंतच परदेशी दुकानाचा आपल्याला उपयोग. तो नसेल तर आलेले पाकीट उघडून बसवायचे कोणी?

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच. माळ्यावरची सायकल खाली काढाल तेव्हा प्रथम जुना भाग हातात घेऊन मिस्त्रींकडे जावे. माप, आटे, आकडे वहीत लिहून घ्यावे. लुधियाना, मग देशातील मोठ्या शहरातील विक्रेता, आणि सर्वांत शेवटी समुद्र, या क्रमाने शोध घ्यावा. आणि भाग बाहेरून मागविला तरी माप घेण्याची मजुरी मिस्त्रींना द्यावी. आपण वस्तू त्यांच्याकडून घेतली नाही, ज्ञान घेतले आहे. आणि मोजून देणाऱ्यास पैसेही मोजूनच दिले पाहिजेत.